झील धर गं

"झील धर गं," असं म्हणून आक्का पळी माझ्याकडं करायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या. पळीतून आमटी ठिबकायची, शेगडीवर चर्र व्हायचं, पण त्यांचा हात खाली यायचा नाही.

पहिल्या दिवशी तर तेवढंही बोलल्या नाहीत. काहीतरी गुणगुणत होत्या, मधेच थांबल्या आणि नुसती पळी माझ्यापुढं केली. मला वाटलं, मीठ मागतायत. मी मिठाचा डबा पुढं केला. त्यांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पळी तशीच. मग मीच घाबरून दोन मुठी मीठ आमटीत टाकलं. मीठ आधीच घातलेलं होतं. त्या दिवशी पोरी नुसतं पाणी पिऊन ताटावरून उठल्या.

भोरमध्ये मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथं आम्ही दोघी स्वयंपाकाला होतो. आक्कांकडं भात-आमटी, माझ्याकडं भाकरी. हिर्डोशीकडच्या, वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या पोरी तिथं राहतात, कारण त्यांच्या गावाला एसटी आली तर आली. आक्का मूळच्या नगरकडच्या, वाडवडलांपासून ख्रिस्ती. नवरा धरणाच्या कामावर ड्रायव्हर होता. काम संपलं, पुढं नवराही गेला, मुलगा पुण्याला कंपनीत लागला. आक्का मात्र भोरातच राहिल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे आक्काच म्हणायचे.

झील म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यांनी ती संपता संपता आपली ठरलेली ओळ उचलायची. मागून झील आली की पुढच्याला दम घ्यायला आणि पुढचं सुचायला सवड मिळते. आक्कांची झील एकच होती, कधी बदलायची नाही : "दिवा लावा गं, पाहुणा आला." पुढच्या ओळी मात्र रोज वेगळ्या. त्या कुठं लिहिलेल्या नव्हत्या. हात चालतील तशा सुचायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही लक्षात नसायच्या.

दिवाळीचा फराळ संपून थंडी पडली की नाताळचं गाणं सुरू. तेच त्यांचं स्वयंपाकाचं घड्याळ. डाळ शिजत टाकली की मरियाबाई घरातून निघायची. फोडणी होईपर्यंत ती नदीवर यायची. आमटीला उकळी फुटली की बाळ जन्माला यायचं आणि आक्का गॅस बंद करायच्या. ऐकायला गंमत वाटते. तिथं उभं राहून बघायला हवं होतं तुम्ही. झील आली नाही तर आक्का पुढची ओळ म्हणायच्याच नाहीत. मरियाबाई नदीच्या अलीकडं अडकून पडायची आणि इकडं पातेल्यात डाळ खाली लागायची.

"आक्का, डाळ लागली!"

"लागू दे. ती अवघडलेली बाई नदीवर हुबी हाय. तिला सोडून पुढं जाऊ व्हय मी?"

रेक्टरबाई दारात येऊन विचारायच्या, "कसला वास येतोय?" आक्का माझ्याकडं बोट करायच्या. "हिला इचारा. हिच्या तोंडाला कुलूप हाय."

मला इतका राग यायचा. मुळात मी बोलायलाच घाबरते. दुकानात गेले तर मागचा माणूस सामान घेऊन निघून जातो, तरी माझा आवाज निघत नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, तेव्हापासून चारजणांत तोंड उघडायची वेळही कधी आली नव्हती. आणि ही बाई म्हणते गा. तेही दुसऱ्यांच्या देवाचं. किती सांगितलं, आक्का, मला येत नाही. त्या म्हणायच्या, "पाच शब्द हायेत. भाकरी थापाया येती, पाच शब्द येत न्हाईत?"

शेवटी मी गायला लागले ती देवासाठी नाही, डाळीसाठी. रोजचा करपलेला वास आणि रेक्टरबाईंचं तोंड नको म्हणून. पहिल्यांदा ओठातल्या ओठात म्हटलं.

"तोंडातल्या तोंडात नको. त्येला ऐकू गेलं पायजे."

"कुनाला?"

"येनार हाय त्येला. आन मला बी. माझा एक कान कामातनं गेलाय."

त्यांच्या गाण्यातली मरियाबाई भोरच्या स्टँडवरच असायची. "यष्टी चुकली बाई, यष्टी चुकली, मरियाबाई चालत निघाली." योसेफदादाच्या वहाणेचा अंगठा तुटलेला. वाटेत कुणी पाणी द्यायचं, कुणी दार लावून घ्यायचं. एखाद्या पोरीनं ताटात भाकरी टाकली की दुसऱ्या दिवशी तीही गाण्यात यायची. "सुलीनं भाकरी टाकून दिली, बाळाच्या वाटणीची कमी झाली." सुली लाल व्हायची, बाकीच्या हसायच्या, आणि त्या हसण्यातच झील धरायच्या.

एकदा कांदा चिरता चिरता त्यांनी विचारलं, "तुजं माहेर हिर्डोशीकडचंच ना? आई हाय?"

मी म्हणाले, "पावसाळ्यात गेली."

"नाव काय आईचं?"

"सखू."

"घरी आता कोन असतं?"

"कुनी न्हाई. भावानं म्हस इकली. गोठा रिकामा पडलाय."

दुसऱ्या दिवशी डाळ शिजत टाकली, मरियाबाई नदी ओलांडून गेली, सगळ्या गावानं दारं लावून घेतली, आणि आक्का म्हणाल्या, "सखूच्या गोठ्यात पेंढा मऊ, म्हस म्हणाली, हितंच ऱ्हाऊ."

माझे हात पिठातच राहिले. विकलेली म्हैस गोठ्यात परत आली होती, आणि आईसुद्धा. पळी माझ्याकडं आली तेव्हा मी झील धरली नाही. त्या दिवशी आक्का कितीतरी वेळ थांबल्या. डाळ लागली.

नंतर मी विचारलं, "आक्का, आमची आई मारुतीला तेल घालणारी. तिच्या गोठ्यात तुमचा देव कसा यील?"

"त्येला कुनी जागाच दिली न्हाई बये. जी देईल तिच्यात ऱ्हातो. तुजी आई न्हाई म्हनली असती?"

आई नाही म्हणाली नसती. अंगावरची घोंगडी काढून दिली असती, वर नाचणीची भाकरी केली असती आणि बाळंतिणीला शेकायला निखारे भरून आणले असते. त्या दिवसापासून मला ते गाणं दुसऱ्यांच्या देवाचं वाटेनासं झालं. मारुतीही माझा राहिला आणि तो पाहुणाही. मला त्यात काही अडचण वाटली नाही. अडचण सगळी दुसऱ्यांना होती.

घरी मी चूल सारवताना तेच गुणगुणायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "ती बाई तुला नादाला लावनार." मालक जेवता जेवता म्हणाले, "काय गं, नाव कधी बदलायचंय?" मनात मोठं उत्तर तयार होतं, ते भांडी घासताना भांड्यांना सांगितलं.

तिकडं आक्कांचं वेगळंच चाललं होतं. भोरात ख्रिस्ती घरं मोजकी. एका खोलीत प्रार्थना व्हायची आणि पाळकसाहेब पुण्याहून यायचे. पूर्वी म्हणे नाताळच्या आधी सगळे जण ढोलकी घेऊन घरोघर गात फिरायचे. मग तरुण पोरं पुण्याला गेली, ढोलकीवाला गेला, आणि गाणी मोठ्या स्पीकरवर लागायला लागली. आक्का प्रत्येक वर्षी सांगायच्या, आपण तोंडानं गाऊ. प्रत्येक वर्षी त्यांना सांगण्यात यायचं, पुढच्या वर्षी बघू.

"आमच्यात झील धरायला कुनी न्हाई ऱ्हायलं," त्या पळी आपटत म्हणाल्या. "यंदा तू चल."

"मी? तितं?"

"मागं बस. तुला कुनी बघत न्हाई."

नाताळच्या सकाळी मी गेले. मालकांना सांगितलं, वसतिगृहाचं काम आहे. ते अगदी खोटं नव्हतं, कारण प्रार्थनेनंतरच्या जेवणाचा पुलाव आक्काच करणार होत्या. खोलीत रंगीत पताका, कागदाची चांदणी, नव्या कपड्यांचा वास. मी दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसले. आक्का जांभळ्या काठाचं लुगडं नेसून पुढं उभ्या राहिल्या. कोट घातलेले एक गृहस्थ स्पीकरची वायर जोडत होते. ते म्हणाले, "आक्का, एकच म्हणा. लवकर."

आक्कांनी सुरुवात केली. यष्टी चुकली, मरियाबाई चालत निघाली. मग मोकळाच हात वर केला, जणू हातात पळी आहे. मी मागून हळूच झील धरली. दुसऱ्या कुणीच धरली नाही. काही पोरं यष्टीला हसली. आक्का पुढं गेल्या. योसेफदादाची वहाण तुटली. मी पुन्हा एकटीच. मग त्या म्हणाल्या, "सखूच्या गोठ्यात पेंढा मऊ..."

"आक्का," कोटवाले गृहस्थ मधेच म्हणाले, "बेथलेहेम सोडून हे काय चाललंय? सखू कोण? पुस्तकातलं म्हणा ना."

सगळे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. सखू कोण!

माझा आवाज कुठून आला, मला सांगता येणार नाही. मी जोरात म्हटलं, "दिवा लावा गं, पाहुणा आला!" इतक्या जोरात की पुढच्या माणसांनी माना वळवल्या. माझे कान तापले, पण मी खाली पाहिलं नाही. आक्कांचा चेहरा काय फुलला होता! आणि तेवढ्यात स्पीकर सुरू झाला. घंटा, बाजा, सगळं एकदम. आक्का ओठ हलवत होत्या, हात अजून वरच होता, आणि त्यांचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "आक्का, बाहेर जेवणाच्या वेळी म्हणा हं." असा संताप आला मला. एक गाणं. एका म्हातारीचं एक गाणं पुरं होऊ देता येत नाही?

आम्ही बाहेर आलो. मागच्या अंगणात मंडप होता, मोठ्या पातेल्यात आधण ठेवलेलं होतं आणि काही बायका पुऱ्या लाटत होत्या. मी पदरात तोंड खुपसलं. आक्कांनी तांदूळ आधणात सोडले आणि म्हणाल्या, "बरं झालं. बाळ जन्मलं त्या रातीला मेंढरं राखनारी मानसं बी भाईरच हुती. पयली खबर त्यांनाच लागली."

"तुमाला राग न्हाई आला?"

"लई आला. म्हनून तर गायचं. धर झील."

आणि पळी वर केली. मी धरली. पुऱ्या लाटणारी एक बाई मान खाली घालून आमच्यात आली, मग दुसरी. आक्कांनी त्यांना विचारलं, "तुमच्या आयांची नावं सांगा गं." एकेकीनं सांगितलं. मग मरियाबाईच्या वाटेवर एकेकीची आई उभी राहिली. कुणी तांब्या घेऊन, कुणी गूळ, कुणी वाटीत तूप. एक बाई हसता हसता रडायला लागली आणि तिची पुरी काळी झाली. आतला स्पीकर वाजतच होता, पण आम्हाला त्याचा त्रास वाटेना. मी मोकळ्या आवाजात गात होते. पाहुणा आला, असं म्हणताना मला वाटलं की तो खरंच आलाय. इथंच कुठंतरी, वाफेच्या पलीकडं, हात शेकत उभा आहे. असं मला देवळात कधी वाटलं नव्हतं आणि घरीही नाही.

निघताना मी विचारलं, "आक्का, त्यो खरंच येतो का वो?"

"झील धरली की आत येतो. न्हाई धरली तर दारातच हुबा ऱ्हातो बापडा."

पुढच्या नाताळांतही आम्ही बाहेरच गायलो. आतल्यांनी कधी बोलावलं नाही. आक्का प्रत्येक वेळी विचारून बघायच्या, प्रत्येक वेळी चिडून यायच्या आणि चिडूनच पातेल्याखाली जाळ घालायच्या. मला त्यांनी कधी आत यायचा आग्रह केला नाही. "तू तुज्या मारुतीला तेल घाल," म्हणायच्या. "फकस्त झील सोडू नको."

मग एका पावसाळ्यात त्या सकाळी शेगडीपुढं बसलेल्या सापडल्या. पळी खाली पडलेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. वसतिगृहात आमटी मी करायला लागले. ती वेळेवर व्हायची, कधी लागायची नाही, आणि कुणाला तिचं काही विशेष वाटायचं नाही.

नाताळला सुट्टी होती. मी घरात सांगितलं, पुण्याला जाऊन येते. मालक म्हणाले, "एकटी?" मी म्हणाले, "व्हय." एवढंच, पण आवाज निघाला. एसटी कात्रजच्या घाटात अडकली. पुढं काहीतरी बंद पडलं होतं. एवढ्या गाड्या, एवढे हॉर्न, आणि मी मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन बसलेली.

आक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. समोर टीव्हीवर नाताळची गाणी लागलेली. सून चांगली होती बिचारी. म्हणाली, "दिवसभर लावून देतो, पण आई चिडतात. काय हवंय ते कळतच नाही."

मला कळत होतं. मी टीव्ही बंद करायला सांगितला. जवळ बसून हळू म्हटलं, "दिवा लावा गं, पाहुणा आला."

आक्कांनी जोरात मान हलवली. नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. पुन्हा नाही. त्यांच्या डोळ्यांत तोच जुना राग होता, डाळ लागली तरी न हटणारा. मग त्यांनी डावा हात उचलला. बोटं अशी मिटली की पळी धरलीय, आणि तो हात माझ्याकडं केला.

त्यांना ओळ हवी होती. झील आता त्या धरणार होत्या.

आणि माझ्याकडं ओळ नव्हती. एवढी वर्षं मी फक्त झील धरली. पुढचं सगळं त्यांचं. त्यांच्या जुन्या ओळी आठवून बघितल्या, तर एकही धड पुरी येईना. सखूच्या गोठ्याची येत होती, पण ती त्यांनी मला दिलेली, ती त्यांनाच कशी परत करायची? हात समोर तसाच होता. तो खाली येणार नाही, हे मला माहीत होतं. शेवटी जे डोक्यात होतं तेच म्हटलं : "भोरची यष्टी घाटात थांबली..."

पुढं काही सुचेना. ओळ अर्धीच लोंबकळत राहिली. पण आक्का थांबल्या नाहीत. वाकड्या तोंडातून, छाती फुटेल असा जोर लावून, त्यांचा आवाज आला. "आ... ला." सगळ्यातलं तेवढंच. सून दारात तशीच उभी राहिली. म्हणाली, "आई बोलल्या!" मी म्हणाले, "बोलल्या न्हाईत. गायल्या."

परतीच्या एसटीत, शिवापूरच्या पुढं, खिडकीशी बसल्या बसल्या उरलेली अर्धी ओळ सुचली. "भोरची यष्टी घाटात थांबली, आक्काच्या दाराची वाट लांबली." मी कपाळावर हात मारून घेतला. दुपारी कुठं होती ही? मग एकामागून एक यायलाच लागल्या. फाट्यावर उतरून सारोळ्याला जाणारी एक म्हातारी शेजारी होती, तिचं गाठोडंसुद्धा ओळीत बसलं. भोर येईपर्यंत डोकं भरून गेलं. ठरवलं, पुढच्या सुट्टीत जायचं आणि पुरी ओळ म्हणायची.

उन्हाळा लागायच्या आत आक्का गेल्या. निरोप आला तेव्हा माती होऊन गेली होती. त्यांच्या शेवटच्या प्रार्थनेला गाणी कशावर लावली असतील, ते मला माहीत आहे.

आता पुन्हा थंडी पडलीय. भाकरीला नवीन बाई आलीय. आंबवड्याकडची, अबोल, पदर डोक्यावरून न ढळणारी. माझ्याकडं आता ओळी आहेत. नको म्हटलं तरी येतात, डाळ धुताना, कांदा चिरताना. त्या घेऊन एकटीनं काय करायचं, ते कळत नाही. अर्धं गाणं आधीही माझ्याकडं होतं, आताही अर्धंच आहे, फक्त बाजू बदलली. याचा मला इतका वैताग येतो की भांडी आपटली जातात.

काल डाळ शिजत टाकली. मरियाबाई घरातून निघाली. मी मोठ्यानं म्हटलं, "भोरची यष्टी घाटात थांबली, आक्काच्या दाराची वाट लांबली," आणि पळी त्या बाईकडं केली.

ती दचकली. इकडंतिकडं पाहिलं. मग घाईघाईनं मिठाचा डबा माझ्यापुढं केला.

मी डबा तिच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. पळी पुन्हा वर केली. डाळ लागायला लागली होती, तरी हात खाली घेतला नाही.